‘टू द बोन’सारखा अल्बम एकट्याने करायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ब्रिटिश गायक-संगीतकार स्टीव्हन विल्सनचा २०१७ सालचा अल्बम ‘टू द बोन’ तुम्ही सतत ऐकताय. पीटर गॅब्रिएल, केट बुश, टॉक टॉक, टिअर्स फॉर फिअर्स यांच्या ऐंशीच्या दशकातल्या अल्बमांवरून तो सुचला असं विल्सन स्वतः सांगतो, म्हणून तेही शोधून ऐकलेत. नोकरी सांभाळून घरी आठ मराठी गाणी बांधली आहेत आणि त्यांचा अल्बम करायचाय. ‘तो एटीजचा साउंड’ यायला कुठले सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), कुठले प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची साधनं) घ्यावेत, आणि हे सगळं एकट्याने जमेल का?

मी पुण्यात वीस-बावीस वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. प्लगइनचं सांगते, पण जरा पुढे, कारण सुरुवात तिथून केलीत तर पैसे जातील आणि गाणी मागे पडतील. मी स्वतः हे करून बसले आहे. काही वर्षांपूर्वी एका गायकाच्या चार गाण्यांचं काम माझ्याकडे होतं, त्यालाही हाच जमाना हवा होता. मी स्नेअरवर, म्हणजे ठेक्यातल्या कडक वाजणाऱ्या ड्रमवर, गेटेड रिव्हर्ब (मध्येच कापलेली घुमणी) टाकला, डीएक्स-७ या ऐंशीच्या दशकातल्या सिंथची काचेसारखी किणकिणणारी घंटा टाकली, गिटारला कोरस (आवाज दुहेरी, लहरता करणारा इफेक्ट), बेसला कोरस, सगळीकडे लांबलचक रिव्हर्ब. दीड महिना गेला. शेवटी ऐकलं तेव्हा जुन्या काळचे कपडे भाड्याने आणून घातल्यासारखं वाटत होतं. मग एका रात्री बसून एकेक ट्रॅक बंद करत गेले. पस्तिसातले सव्वीस बंद केल्यावर नऊ उरले, आणि गाणं पहिल्यांदा ऐकू आलं. त्या गायकाने एवढा धीर धरला याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. या रेकॉर्डचा जीव अरेंजमेंटमध्ये आहे. कोण कधी वाजतं, कुठल्या सप्तकात वाजतं आणि कधी गप्प बसतं, यात. तुम्हाला आवडणारा आवाज त्यातूनच येतो.

सप्टेंबर १९८५ मध्ये केट बुशचा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ आला, १९८६ मध्ये टॉक टॉकचा ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ आणि गॅब्रिएलचा ‘सो’, १९८९ मध्ये टिअर्स फॉर फिअर्सचा ‘द सीड्स ऑफ लव्ह’. विल्सनचा जन्म १९६७ चा, म्हणजे यातले पहिले तीन आले तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा. त्या वयात कानात बसलेलं काही निघत नाही. आता या मंडळींनी नेमकं काय केलं ते बघा. गॅब्रिएल जेनेसिस या बँडमधून आलेला, म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी आणि मंचावर मुखवटे यांत वाढलेला. त्याने ती सगळी भूक चार-पाच मिनिटांच्या गाण्यात बसवली. बुशने ‘हाउंड्स’ची अख्खी दुसरी बाजू रात्री समुद्रात एकटी तरंगत राहिलेल्या बाईच्या सात गाण्यांच्या कथेला दिली, पण पहिल्या बाजूला पाच सुटी गाणी ठेवली आणि त्यातली चार सिंगल म्हणून निघाली. रेडिओ आणि कथा दोन्ही एकाच तबकडीवर, आणि कुठेही कमीपणा वाटून न घेता. त्यातलं ‘रनिंग अप दॅट हिल’ सदतीस वर्षांनी, २०२२ मध्ये, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. एका मालिकेमुळे गेलं हे खरं, पण मालिकेत गाणी हजारो वाजतात.

प्रोग्रेसिव्ह पॉप म्हणजे माझ्या लेखी एवढंच: पहिल्या खेपेला ऐकणाऱ्याला चाल मिळाली पाहिजे, दहाव्या खेपेला चालीखालचं काम.

विल्सनकडे या बाबतीत एक गोष्ट होती जी तुमच्या-माझ्याकडे नाही. तो जुन्या रेकॉर्ड नव्याने मिक्स करण्याचं काम करतो. ‘टू द बोन’च्या आधीच्या चार-पाच वर्षांत त्याने एक्सटीसी या इंग्लिश बँडचे अल्बम आणि टिअर्स फॉर फिअर्सचा ‘साँग्ज फ्रॉम द बिग चेअर’ मूळ मल्टिट्रॅकवरून, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं ठेवलेल्या रेकॉर्डिंगवरून, पुन्हा मिक्स केले. मल्टिट्रॅक उघडून एकेक वाद्य सुटं ऐकणं म्हणजे काय, हे आमच्या कामातल्या माणसाला विचारा. बाहेरून भव्य वाटणारं गाणं आत गेल्यावर चार साध्या ओळींचं निघतं, फक्त त्या ओळी एकमेकींच्या पायात येत नाहीत. शिवाय ‘टू द बोन’च्या शीर्षकगीताचे शब्द एक्सटीसीच्याच अँडी पार्ट्रिजचे आहेत. शीर्षकगीतात आणि ‘रेफ्यूज’मध्ये जी हार्मोनिका ऐकू येते ती मार्क फेल्टमची, ज्याने टॉक टॉकच्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’वर वाजवली होती. म्हणजे विल्सनने ऐंशीच्या दशकाचा आवाज प्लगइनमधून काढत न बसता त्या दशकातल्या माणसालाच बोलावलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता त्या काळातल्या गेटेड ड्रमबद्दल, कारण त्यात सगळ्यांची गफलत होते. गॅब्रिएलचा १९८० साली आलेला तिसरा अल्बम लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत होत होता. काही गाण्यांवर ड्रमला फिल कॉलिन्स, इंजिनिअर ह्यू पॅजम. वादक आतून काय बोलतोय ते कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून तिथे एक टॉकबॅक माइक होता, आणि लांबून बोललेलंही कळावं म्हणून एसएसएल कंपनीच्या कन्सोलमध्ये त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं यंत्र) होता. तो माइक चालू असताना कॉलिन्स वाजवायला लागला आणि खोलीचा आवाज अंगावर आला. त्यावर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) लावला तेव्हा तो फुगलेला आवाज शेपूट न राहता तुटला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्याच अल्बमवर गॅब्रिएलने आणखी एक अट घातली होती: सिंबल, म्हणजे ड्रमबरोबरच्या पितळी झांजा, वाजवायचे नाहीत. लोक गेट उचलतात आणि ही अट विसरतात. एवढ्या दाबलेल्या माइकमध्ये सिंबल आला तर प्रत्येक स्नेअरबरोबर वरचा सगळा भाग सुस्स् करत फुगतो आणि गायकाच्या आवाजाला जागाच राहत नाही. सिंबल काढले म्हणून तो स्नेअर एवढा मोठा होऊ शकला.

करून बघायचं तर असं करा. स्नेअरचा एक सेंड (इफेक्टकडे पाठवायची आवाजाची वेगळी प्रत) घ्या, त्यावर दीड-दोन सेकंदांचा रूम रिव्हर्ब, त्यानंतर गेट, आणि गेटचं साइडचेन कोरड्या स्नेअरला जोडा, म्हणजे गेट त्या स्नेअरच्या ठोक्यावर उघडेल. होल्ड (गेट उघडं राहण्याचा वेळ) १५० ते २५० मिलिसेकंदांत, रिलीज (बंद व्हायचा वेळ) अगदी आखूड. टेम्पो ९६ असेल तर एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची होते. शेपूट अर्ध्या मात्रेच्या आत, म्हणजे तीनशेच्या आसपास संपली तर ठेका श्वास घेतो. त्याहून लांबली की पुढच्या हाय-हॅटवर सांडते. एवढं झालं की मिक्समधले सगळे सिंबल बंद करून गाणं एकदा पूर्ण ऐका. मग ध्रुवपदाच्या पहिल्या मात्रेवर एकच क्रॅश (मोठ्या सिंबलचा टोला) परत आणा. तो एक क्रॅश तुम्हाला सगळ्या सिंथपेक्षा मोठा वाटेल.

अरेंजमेंट म्हणजे मी काय म्हणते ते कळायला दोन गाणी हेडफोनवर लागोपाठ ऐका: ‘सो’मधलं ‘डोन्ट गिव्ह अप’ आणि ‘टू द बोन’मधलं ‘परायाह’. दोन्ही द्वंद्वगीतं. दोन्हीत पुरुष खचलेला आहे आणि बाई त्याला धीर देते. पहिल्यात गॅब्रिएल आणि केट बुश, दुसऱ्यात विल्सन आणि इस्रायली गायिका निनेट तायब. पहिलं गाणं बेरोजगारीवरचं, थॅचरबाईंच्या काळातलं. त्यात टोनी लेव्हिनचा बेस खालून गोल फिरत राहतो आणि गॅब्रिएल त्याच्यावर जवळजवळ बोलल्यासारखा गातो. एका भागात बेसचा आवाज आणखी दबका हवा होता म्हणून लेव्हिनने तारांखाली लहान बाळाचा डायपर घातला होता. तो भाग आला की बेस स्वर सोडून धडधडीसारखा ऐकू येतो. त्यासाठी कुठलंही यंत्र लागलं नाही, कापडाची घडी लागली. बुश येते तेव्हा तिच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं बाजूला सरकतं. तिचा आवाज मोठा केलेला नाही, तिला वाट करून दिली आहे.

‘परायाह’मध्ये विल्सन हीच रचना घेतो आणि शेवटाला वेगळी वाट धरतो. सुरुवात इलेक्ट्रॉनिक ठोक्यावर, आवाज तोंडाजवळचा, थकलेला. तायबच्या ओळी वेगळ्या जागेतून, जरा उंचावरून येतात. आणि मग शेवटाकडे गिटारची भिंत उभी राहते आणि तायब त्या भिंतीच्या वरून गाते. ही भिंत एवढी का भिडते? कारण त्याआधीची तीन-साडेतीन मिनिटं विल्सनने ती जागा रिकामी ठेवली होती. तुमच्या आठ गाण्यांपैकी एकात तरी अशी जागा शेवटापर्यंत राखून ठेवा. मोह फार होतो, दुसऱ्या कडव्यातच गिटार आणावीशी वाटते. आणू नका.

हा अल्बम पॉप की प्रोग (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा प्रोग्रेसिव्ह रॉक), असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. ‘पर्मनेटिंग’ आलं तेव्हा विल्सनचे जुने श्रोते बरेच नाराज झाले होते. साडेतीन मिनिटांचं, पियानोवर उड्या मारत जाणारं आनंदी गाणं, आणि व्हिडिओत बॉलिवूड पद्धतीचा नाच. मला ते गाणं मनापासून आवडतं. विल्सनच्या घरी वडिलांकडे पिंक फ्लॉइड आणि आईकडे डोना समर वाजायचं, हे त्याने अनेकदा सांगितलंय. ज्याने दोन्ही एकाच वयात ऐकलं त्याला त्यात भेद दिसत नाही. त्याच अल्बमवर नऊ मिनिटांचं ‘डेटोनेशन’ आहे, आणि फ्रान्समधल्या कॅलेच्या निर्वासित छावणीवरचं ‘रेफ्यूज’ही. अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. तुम्ही तुमच्या गाण्यांना नाव काय द्यायचं याची काळजी सोडा. तुमच्या कानात लहानपणी आकाशवाणीवरची भावगीतं आणि मोठ्या भावाच्या कॅसेट दोन्ही असतील, तर दोन्ही येऊ द्या.

२०१६ च्या डिसेंबरात विल्सन पुण्यात वाजवून गेला. मी साउंड कन्सोलच्या मागे दहा-बारा फुटांवर उभी होते, सवयीने. तोपर्यंत हा अल्बम बाहेर यायला आठेक महिने होते. मला त्या रात्री सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हे, की ज्याच्या नावाने सगळे आले होते तो माणूस गाण्याच्या मोठ्या भागात हात खाली सोडून इतरांना वाजवू देत होता.

त्यावरून तुमचा शेवटचा प्रश्न: एकट्याने जमेल का. विल्सनने १९८७ च्या सुमारास पॉर्क्युपाइन ट्री सुरू केलं तेव्हा तो बँड अस्तित्वातच नव्हता, तो घरी एकटाच सगळं वाजवून बँडचं नाव लावत होता. म्हणजे एकट्याने करण्याची कला त्याच्याइतकी कोणाला येत नसेल. आणि तरी, स्वतःच्या नावावरचा हा पाचवा स्टुडिओ अल्बम करताना त्याने पॉल स्टेसीला सहनिर्माता म्हणून बरोबर घेतलं, ड्रमला जेरेमी स्टेसी आणि क्रेग ब्लंडेल, कीबोर्डला अ‍ॅडम होल्झमन, गायला तायब आणि स्वित्झर्लंडची सोफी हंगर. ‘सो’ही गॅब्रिएलचा सोलो अल्बम, पण त्याचा सहनिर्माता डॅनियल लान्वा, ड्रमला मनू काचे, ‘इन युअर आइज’च्या शेवटी सेनेगलचा युसू एन्दूर, आणि आपल्या एल. शंकर यांचं व्हायोलिनही त्या रेकॉर्डवर आहे. सोलो अल्बमात एकट्याचा असतो तो निर्णय. वाजवणारे हात दुसऱ्यांचे असले तर बिघडत नाही, उलट निर्णय घ्यायला काहीतरी समोर येतं.

म्हणून माझा सल्ला: सगळं घरी करा, पण तीन गोष्टी दुसऱ्याला द्या. एक, ड्रम. आठ गाण्यांचे प्रोग्रॅम केलेले ड्रम तयार ठेवा आणि एखाद्या चांगल्या ड्रमरला दोन दिवस बोलवा. तुमचा प्रोग्रॅम त्याने जसाच्या तसा वाजवावा हा आग्रह धरू नका. दोन, दुसरा आवाज. स्वतःचाच आवाज सहा वेळा घेऊन हार्मनी केली तर ती गुळगुळीत होते, त्यात दुसऱ्या माणसाचा श्वास येत नाही. तीन, ‘हे पुरे’ म्हणणारं कोणीतरी. पैसे देऊन निर्माता घ्या असं नाही. संगीतातला मित्र चालेल, पण त्याने गाणं ऐकताना तुमचं तोंड न बघता बोललं पाहिजे.

शब्दांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मराठीत हा साउंड करताना इथेच सगळ्यात जास्त अडतं. घरी चाल बांधताना बरेच जण आधी इंग्रजीसारखं काहीतरी पुटपुटत चाल पक्की करतात आणि मग त्यात मराठी शब्द बसवतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा बळी जातो. ‘मन’ या शब्दाचा ‘माऽन’ होतो, ‘घर’चं ‘घाऽर’. ऐकणारा गाण्यातून तिथेच बाहेर पडतो, त्याला कारण कळत नाही एवढंच. प्रत्येक ओळ ठेक्याशिवाय, साधी बोलून बघा. बोलताना जिथे लांबते तिथेच चालीत लांबली पाहिजे. नाही जमली तर चाल बदला, शब्द ओढू नका.

दुसरं तांत्रिक आहे. ऐंशीच्या दशकातले आवाज वरच्या बाजूला चकचकीत असतात, आणि त्यावर लांब रिव्हर्ब. आपल्या मराठीत ‘चांदणं’, ‘चाहूल’, ‘जाग’ यांतला तो दातांमधला च आणि ज, शिवाय स, हे साधारण पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये फुटतात. मुख्य आवाजावर डी-एसर (स, च असे टोकदार आवाज दाबणारं साधन) लावून भागत नाही. रिव्हर्बकडे जाणाऱ्या सेंडवर, रिव्हर्बच्या आधी, वेगळा डी-एसर लावा आणि तो जरा जास्तच दाबा. कोरडा ‘च’ कुरकुरीत राहिला तर छान वाटतो, पण त्याचा दोन सेकंदांचा प्रतिध्वनी पाठीमागे फेस आल्यासारखा राहतो. मला हे उमगायला फार वर्षं लागली, कारण या विषयावरची सगळी पुस्तकं इंग्रजी गाण्यांसाठी लिहिलेली आहेत.

आता प्लगइन. एक डीएक्स-७ च्या जातीचा सिंथ (याला एफएम सिंथ म्हणतात) पुरेसा आहे, फुकटात चांगला मिळतो. त्यातला पहिला इलेक्ट्रिक पियानो सोडून कुठलाही आवाज वापरा; तो १९८३ पासून लोकांनी इतका वाजवलाय की ऐकणाऱ्याला तुमचं गाणं न आठवता दुसरंच आठवेल. एक साधा अ‍ॅनालॉग पद्धतीचा सिंथ पॅडसाठी, म्हणजे मागे लांबत राहणाऱ्या स्वरांसाठी. एक सँपलर (रेकॉर्ड केलेला आवाज सुरांत वाजवणारं साधन), आणि त्यात स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज भरा. बुशने फेअरलाइट या सुरुवातीच्या सँपलरवर आणि गॅब्रिएलने सँपलरवर जे केलं त्याचं मर्म हेच होतं, की दारापासून बाटलीपर्यंत काहीही वाद्य होऊ शकतं. तुमच्या घरात कुकरचं झाकण, पितळी तांब्या, पाट, जिन्याचा कठडा आहे. तांब्यावर नखाने मारलेला टोला दोन सप्तकं खाली नेऊन बघा, विकत घेतलेल्या कुठल्याही लायब्ररीत तो मिळणार नाही. गिटारसाठी ‘टू द बोन’वर विल्सनने बहुतेक ठिकाणी टेलिकास्टर वापरली आहे, तिचा आवाज कडक आणि उघडा. तुमच्याकडे जी गिटार आहे तिचा ब्रिज पिकअप (तारा टेकतात त्या टोकाजवळचा) आणि कमी डिस्टॉर्शन, इथून सुरुवात करा. एवढ्यावर थांबा. सगळं मिळून पाच-सहा हजारांच्या वर खर्च होता कामा नये, उरलेले पैसे ड्रमरला आणि त्याच्या दोन दिवसांच्या खोलीला.

मास्टर करताना आवाज चढवत बसू नका. स्पॉटिफाय डीफॉल्टला सगळं साधारण उणे चौदा एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून ठेवतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे परत खालीच येतं, फक्त चपटं होऊन. शेवटाला जी गिटारची भिंत राखून ठेवायला सांगितली, ती लिमिटरने (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) पहिल्या ओळीइतकीच करून टाकली तर सगळी मेहनत पाण्यात.

सुरुवात कुठल्या गाण्यापासून करायची, तर आठातलं जे तुम्ही नुसत्या गिटारवर घरच्यांसमोर पूर्ण गाऊ शकता त्यापासून. त्याचा एक टेक मेट्रोनोमशिवाय घ्या, फोनवर घेतलात तरी चालेल. मग टेम्पो मोजा. ध्रुवपदात तुम्ही नकळत दोन-तीन बीपीएमने (मिनिटाला मात्रा) पुढे गेलेले असाल. प्रोजेक्टचा टेम्पो ट्रॅक त्यावरून काढा, म्हणजे यंत्राचा ठोका तुमच्या गाण्याच्या मागून चालेल. त्यावर बेस आणि एक पॅड, बाकी काही नाही, आणि आठवडाभर तेवढंच ऐका.